सी. डिफची तपासणी : आधी कार्ड की थेट पीसीआर?

अँटिबायोटिक चालू असलेल्या दाखल रुग्णाला तीन दिवसांनंतर जुलाब लागले, तर स्टूल कल्चरमधून (शौचातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीतून) सहसा काही हाती लागत नाही. संशय सी. डिफवर, म्हणजे अँटिबायोटिकनंतर आतड्यात माजून जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जंतूवर जातो. सांगली-मिरजेतल्या मध्यम इस्पितळाच्या लॅबने मग जीडीएच (या जंतूचं एक एन्झाइम) आणि टॉक्सिन (त्याचं विष) दाखवणारं झटपट चाचणीचं कार्ड ठेवावं की पीसीआर?

कार्डाला यंत्र लागत नाही, अर्ध्या तासात निकाल मिळतो. जीडीएचची रेघ जंतू असल्याचं सांगते, टॉक्सिनची रेघ तो विष सोडतोय हे. दोन्ही उमटल्या नाहीत तर विषय बहुतेक तिथेच मिटतो. फ्रिजमधलं किट गार असतानाच वापरलं तर रेघ फिकी येते; फिकी रेघही पॉझिटिव्हच धरायची. खरी अडचण उन्हाची. टॉक्सिन उष्णतेत टिकत नाही, त्यामुळे एप्रिलात जत-आटपाडीहून बर्फाशिवाय आलेल्या डबीच्या निगेटिव्हवर विसंबू नये. नमुना २ ते ८ अंशांतच हवा.

पीसीआर टॉक्सिनचं जनुक शोधतं. ते अशा प्रवासाला तितकं दबत नाही, आणि कार्डातून निसटलेलं पकडतं, यात वाद नाही. टीबीसाठी घेतलेलं, कार्ट्रिजवर पीसीआर करणारं यंत्र असेल तर मोह होतोच.

पण जनुक सापडलं म्हणजे विष तयार होतंय असं नव्हे. आतड्यात नुसता मुक्कामाला असलेला जंतूही पॉझिटिव्ह येतो. लिव्हरच्या रुग्णाला जुलाब होतात लॅक्टुलोज या रेचकाने, अहवाल येतो पॉझिटिव्ह, आणि व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू होऊन रुग्ण वेगळ्या खोलीत जातो. वैताग पुढेच आहे : ‘बरा झाला का’ म्हणून वॉर्ड पुन्हा नमुना पाठवतो, आणि जुलाब थांबलेल्या रुग्णाचंही पीसीआर कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतं. त्या अहवालाचं काय करायचं, हे मग लॅबनेच फोनवर समजावत बसायचं.

म्हणून, ज्याची त्याची सोय वेगळी हे मान्य करूनही, आधी कार्ड बरं वाटतं. जीडीएच आहे पण टॉक्सिन नाही, एवढेच नमुने पीसीआरला घालावेत, आणि अहवालात ‘जनुक आढळले, टॉक्सिन आढळले नाही, लक्षणांशी ताडून पाहावे’ असं स्पष्ट लिहावं. दूरचे नमुनेच जास्त असतील तर थेट पीसीआरही चालेल, पण मग नमुना घेतानाच कडक राहावं लागेल : २४ तासांत किमान ३ पातळ जुलाब, डबीचा आकार घेणारा नमुना, मागच्या ४८ तासांत रेचक नाही, आणि ७ दिवसांच्या आत दुसरी डबी घ्यायची नाही.