सोलापुरी चादर: एकदा घ्या, तीन पिढ्या पांघरा

सोलापुरातून निघालेल्या पाहुण्याच्या पिशवीत दोन वस्तू हमखास असतात, शेंगाचटणी आणि चादर. चटणी कुर्डुवाडीच्या आत संपते, चादर मात्र घराच्या वाटणीत निघते. टिकाऊपणाला पैकीच्या पैकी.

जेकार्ड, म्हणजे विणतानाच नक्षी उठवणाऱ्या मागावर विणल्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंना उठते, फक्त रंगांची अदलाबदल होते. म्हणजे उलटी-सुलटीचा वाद मिटला.

भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, मिळालं तरी नकला थांबलेल्या नाहीत. म्हणून कडेचा एक धागा मागून घ्या आणि दुकानाबाहेर जाळा. सूत कागदासारखं जळतं, राख चिमटीत भुरभुरते. टोकाला कडक मणी झाला तर ते पॉलिस्टर, मग दुकानदार कितीही ‘अस्सल हाय की’ म्हणू दे. घडी उलगडून मापही घ्या. पहिल्या धुण्यात सूत आटतं आणि उंच जावयाचे पाय बाहेर येतात.

पहिली दोन-तीन धुणी वेगळ्या बादलीत, थंड पाण्यात. लाल चादरीबरोबर बनियन भिजवलं तर गुलाबी बनियन घालायची तयारी ठेवा. लहान मशीनमध्ये तर टाकूच नका: ओली चादर एका बाजूला गोळा होते आणि पिळताना मशीन चालत दारापर्यंत येतं. वाळत घालताना दोन दोऱ्यांवर पसरा, एक दोरी मधे झोळ खाते.

उणीव एकच. नवी चादर टोचते, चार-पाच धुण्यांनंतर मऊ पडते. मे महिन्यात मात्र ती अंथरायचीच, पांघरायची हिंमत सोलापूरकरातही नाही.