केअर सर्टिफिकेट: सही करणाऱ्याने काम बघितलंय का?

इंग्लंडमधल्या केअर होममध्ये किंवा हॉस्पिटलच्या वॉर्डात सपोर्ट वर्कर म्हणून नव्याने रुजू झालात, की 'केअर सर्टिफिकेट', म्हणजे नवख्यांचं मूलभूत प्रशिक्षण, मागे लागतंच. एप्रिल 2015 पासून ते चालू आहे. आधी त्यात 15 स्टँडर्ड्स (शिकायचे विषय) होती, 2025 मध्ये लर्निंग डिसॅबिलिटी आणि ऑटिझमचं सोळावं आलं. पूर्णवेळ काम असेल तर साधारण 12 आठवड्यांत संपवायचं. स्किल्स फॉर केअर या केअर क्षेत्रातल्या प्रशिक्षण संस्थेच्या साइटवर वर्कबुकं फुकट मिळतात, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका.

वर्कबुकांचं इंग्रजी सोपं आहे. ड्युटी ऑफ केअर (काळजी घेण्याची जबाबदारी), समानता, माहितीची गोपनीयता हे भाग वाचून उत्तरं लिहिली की होतात. खरा कस दुसऱ्या भागात. तुम्ही रहिवाशांसोबत काम करताना असेसरने, म्हणजे तुमचं काम तपासणाऱ्याने, उभं राहून बघायचं आणि मगच सही करायची. नेमकं इथेच पाणी मुरतं. शिफ्टला माणसं कमी, असेसरला वेळ नाही. मग व्हिडिओ दाखवतात, प्रश्नमंजुषा सोडवून घेतात आणि सगळ्याच्या सगळ्या रकान्यांत एकाच तारखेची सही.

होइस्टचंच, म्हणजे माणसाला उचलून हलवायच्या यंत्राचंच घ्या. पडद्यावर सगळं सोपं दिसतं. प्रत्यक्षात स्लिंग (माणसाला उचलायची कापडी झोळी) त्या माणसाच्या मापाची आहे का, शिवण उसवली आहे का, लेबल वाचता येतंय का, होइस्टची सहामाही तपासणी झाली आहे का, हे उचलण्याआधी बघायचं असतं. केअर प्लॅनमध्ये उचलायला दोघं कर्मचारी लिहिले असतील तर दोघंच हवेत. नवख्यांची हमखास चूक म्हणजे उचलताना चाकांचे ब्रेक लावून ठेवणं. बहुतेक फिरत्या होइस्टचे ब्रेक त्या वेळी मोकळे ठेवतात, म्हणजे तो वजनाखाली स्वतःच सरकून बरोबर मध्यावर येतो. ब्रेक लावले तर माणूस एका बाजूला झुलतो, होइस्ट कलंडूही शकतो. शेजारी उभा असलेला चांगला असेसर हे तिथल्या तिथे पकडतो. प्रश्नमंजुषेला ते कुठून कळणार?

आठवं स्टँडर्ड खाण्यापिण्याचं. गिळायला त्रास असलेल्यांचं पेय दाट करायचं तर पावडरीचे किती चमचे, हे डब्यागणिक बदलतं. दुसऱ्या ब्रँडचं माप वापरलं की पेय पातळ तरी राहतं नाहीतर घट्ट तरी. शंका आली तर 10 मिलीची ठरावीक सिरिंज भरून 10 सेकंद वाहू द्यायचं. सिरिंजमध्ये 1 ते 4 मिली उरलं तर दाटपणाची लेव्हल 1, 4 ते 8 उरलं तर लेव्हल 2. आणि डबा रहिवाशाच्या हाताशी ठेवायचा नाही: कोरडी पावडर गिळून गुदमरण्याच्या धोक्याबद्दल एनएचएसने (सरकारी आरोग्यसेवेने) 2015 मध्ये इशारा दिला होता. हे कामावर कुणी शिकवत नसेल तर स्वतःहून विचारा.

बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे श्वास-हृदय थांबलेल्याला छातीवर दाब आणि श्वास देणं, पुतळ्यावर शिकलं तरी चालतं, पण हात लावून शिकायलाच हवं. 30 दाब, 2 श्वास, दाब 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120. नुसतं बघून हाताला तो जोर येत नाही.

दुसरी मोठी उणीव अशी की हे सर्टिफिकेट म्हणजे अधिकृत पात्रता नाही. नोकरी बदलली की नवा मॅनेजर 'पुन्हा करा' म्हणू शकतो. म्हणून 2024 मध्ये लेव्हल 2 अॅडल्ट सोशल केअर सर्टिफिकेट आलं. ते मान्यताप्राप्त आहे आणि नोकरी बदलली तरी सोबत राहतं. मालक तयार असेल तर सरळ तेच मागा; खर्च त्याला सरकारी योजनेतून परत मिळू शकतो. स्कॉटलंड आणि वेल्समधली व्यवस्था मात्र वेगळी आहे.

भारतात बसून ऑनलाइन 'केअर सर्टिफिकेट' विकत घेणाऱ्यांसाठी: प्रत्यक्ष कामावर तपासणी झाल्याशिवाय ते पूर्ण होतच नाही, त्यामुळे तो कागद फार तर वाचनाचा पुरावा. शिवाय 22 जुलै 2025 पासून परदेशातून नवे केअर वर्कर घेणं ब्रिटनने बंद केलंय. एजंट व्हिसाच्या नावाने हा कोर्स गळ्यात मारत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

मुलाखतीत दोनच प्रश्न विचारा: माझा असेसर कोण, आणि तो आठवड्यातून किती वेळ माझ्यासोबत शिफ्टवर असेल? रुजू झाल्यावर प्रत्येक निरीक्षणाच्या कागदाची तारखेसह प्रत स्वतःकडे ठेवा. होम बंद पडलं किंवा मालक बदलला तर मूळ फाइल शोधत बसायला कुणाला वेळ नसतो.