जम्बो बॅगची निर्यात : दाण्यापासून सगळे स्वतः की कापड आणून शिलाई?

टन-दीड टन माल एकाच पिशवीत भरून क्रेनने उचलता यावा म्हणून पॉलिप्रोपिलीनच्या विणलेल्या कापडाच्या ज्या पिशव्या बनतात, त्यांना आपण जम्बो बॅग म्हणतो आणि निर्यातीच्या कागदपत्रांत त्या एफआयबीसी म्हणून जातात. कोल्हापूरजवळ शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत जागा पाहून या धंद्यात उतरू इच्छिणाऱ्याला आधी एक गोष्ट ठरवावी लागते. रॅफिया ग्रेडचा, म्हणजे विणायच्या पट्ट्या काढण्याजोगा, पॉलिप्रोपिलीनचा दाणा आणून टेप (या अरुंद पट्ट्या), विणकाम, लॅमिनेशन (कापडावर प्लास्टिकचा पातळ थर) आणि शिलाई हे सगळे एका छताखाली करायचे, की कापडाचे तयार रोल विकत घेऊन फक्त कटिंग, छपाई आणि शिलाई करायची? शिलाई विभागात आणि तपासणीच्या टेबलावर बरीच वर्षे गेल्यावर माझे मत दुसऱ्या मार्गाचे झाले आहे, पण त्याला एक अट आहे.

पूर्ण प्लांटचा खरा भार टेप लाइनवर असतो. दाणा वितळवून त्याची फिल्म काढायची, ती पाण्यात थंड करायची, पात्यांनी चिरायची आणि त्या पट्ट्या तापवून ताणायच्या. या ताणण्यातूनच टेपला ताकद येते. ही लाइन रात्रंदिवस चालली तरच परवडते. वीज गेली किंवा ऑर्डर थांबली की पुन्हा तापमान जमेपर्यंत वेळही जातो आणि भंगारही निघते. शिवाय दाण्याचा भाव कच्च्या तेलामागे हलतो, त्यामुळे खेळते भांडवल साठ्यात अडकते. निर्यातदारांसाठीच्या सरकारी ईपीसीजी योजनेत यंत्रे शून्य आयात शुल्कात आणता येतात, परंतु वाचलेल्या शुल्काच्या 6 पट निर्यात 6 वर्षांत करून दाखवावी लागते, आणि ज्याच्या हातात अजून एकही परदेशी ग्राहक नाही, त्याने ही हमी देण्यापूर्वी नीट विचार करावा.

इतके असूनही पूर्ण प्लांटची एक बाजू फार भक्कम आहे. अतिनील किरणांपासून बचाव करणारे यूव्ही मास्टरबॅच (दाण्यात मिसळायचे पूरक द्रव्य) किती टाकायचे, हे तिथे आपल्याच हातात राहते. विकत आणलेल्या कापडात ते किती आहे हे डोळ्यांना दिसत नाही. आमच्याकडे एकदा बाहेरून आलेल्या कापडाच्या पिशव्या लोड टेस्टला व्यवस्थित उतरल्या होत्या; काही महिन्यांनी ग्राहकाच्या उघड्या आवारातून फोटो आले, तर खांद्याजवळचे कापड नुसत्या बोटाने चोळले तरी भुगा होत होते. तेव्हापासून कापडाच्या प्रत्येक लॉटचा तुकडा आम्ही जपून ठेवतो आणि प्रयोगशाळेचा अहवाल मागतो. या पिशव्यांच्या आयएसओ 21898 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे 200 तासांच्या यूव्ही चाचणीनंतर कापडात मूळ ताकदीच्या निदान निम्मी ताकद शिल्लक राहिली पाहिजे.

विणकामाच्या बाबतीत आपल्या जिल्ह्यात एक गैरसमज आहे. इचलकरंजीत 1904 पासून यंत्रमाग आहेत, तेव्हा विणकर आयते मिळतील, असे अनेकांना वाटते. जम्बो बॅगचे कापड मात्र बहुतांशी गोल मागावर विणले जाते. त्यात बीम (ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ) नसतो, ताणा थेट क्रीलवरच्या, म्हणजे सांगाड्यावर लावलेल्या, शेकडो बॉबिनमधून येतो आणि धोटे वर्तुळात फिरतात. तुटलेला धागा चटकन हेरणारी नजर उपयोगी पडते, बाकीचे नव्याने शिकावे लागते.

शिलाईच्या युनिटला भांडवल कमी लागते, छोट्या ऑर्डरी घेता येतात आणि ग्राहकागणिक मापे, भरण्याची-रिकामी करण्याची तोंडे, लायनर (आतली पातळ पिशवी) बदलता येतात. न्हावा शेवा बंदर दोन्ही मार्गांना सारखेच दूर आहे, त्यामुळे वाहतुकीने निर्णय बदलत नाही. माझी अट अशी की पहिल्या दिवसापासून लोड टेस्टचे यंत्र स्वतःचे हवे. एक टनाची, एकदाच वापरायची पिशवी 2 टनांपर्यंत 30 वेळा ताणून नंतर 5 टन पेलली पाहिजे. पुन्हा वापरायच्या 6:1 (क्षमतेच्या सहापट भार पेलणाऱ्या) एक टनाच्या पिशवीला 4 टनांचे 70 ताण आणि शेवटी 6 टन. पिशवी फाटली तर ती कुठे फाटली, हे वाकून पाहावे. टपाल तिकिटाच्या कडेसारखी सुईच्या छिद्रांच्या रेषेतच फाटली असेल, तर कापड चांगले असूनही सुई जाड आहे किंवा टाके फार दाट पडत आहेत, असे समजावे. हे शिलाईवाल्या बाईंना तिथेच दाखवले, तर दुसऱ्या दिवसापासून फरक पडतो.

खाद्यपदार्थांच्या पिशव्यांसाठी बंदिस्त स्वच्छ विभाग आणि मेटल डिटेक्टर हवाच. ज्वालाग्राही वायू असतील तिथे लागणाऱ्या सी आणि डी प्रकारच्या स्थिरविद्युतरोधक पिशव्यांच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नये.

पुढे जम बसल्यावर एकदम टेप प्लांटकडे धाव घेण्याऐवजी पिशवी उचलायच्या लूपसाठी पट्टा विणणारे नीडल लूम आधी घ्यावेत. त्यांना जागा थोडी लागते, आणि क्रेनच्या हुकाला सगळे वजन त्या चार पट्ट्यांवरच लटकते.