गिटहब पेजेस: शिकलेलं लिहून ठेवायला फुकटात चांगली जागा
बेळगावात घरी बसून पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांची कामं करणारे आपल्यात आता भरपूर झालेत, आणि कॉलेजची ज्युनिअर पोरं तेच तेच प्रश्न व्हॉट्सॲपवर विचारतात, डॉकर (प्रोग्राम डब्यात बंद करून चालवायचं साधन) का चालंना, डेटाबेसला इंडेक्स लावून पण क्वेरी स्लो का. उत्तर दिलं की दोन दिवसात वर सरकून जातंय, परत नवीन कोणीतरी तेच विचारतंय. म्हणून कामात शिकलेलं सगळं एका जागी मराठीत लिहायला लागलो, आणि जागा म्हणून गिटहब पेजेस घेतलं, म्हणजे गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर टाकलेल्या फाइलींची वेबसाइट करून देणारी सेवा.

पैसे लागत नाहीत. साइट १ जीबीपर्यंत आणि महिन्याला १०० जीबी बँडविड्थ (वाचणाऱ्यांकडे जाणारा डेटा), नुसत्या मजकुराला हे लई झालं. स्वतःचं डोमेन विकत घेतलं तर ते पण जोडता येतंय आणि एचटीटीपीएस फुकट मिळतंय. पण फुकट अकाउंटवर रिपॉझिटरी, म्हणजे साइटच्या फाइलींचा फोल्डर, पब्लिकच ठेवावी लागते, हे नीट समजून घ्या. पुश केलेला, म्हणजे गिटहबवर चढवलेला, अर्धवट ड्राफ्ट पण लोकांना दिसणार, आणि टोकन (पासवर्डसारखी गुप्त किल्ली) किंवा क्लायंटचं नाव असलेला लॉग एकदा गेला की फाइल डिलीट करून उपयोग नाही, गिटच्या हिस्टरीत तो राहतोयच. टोकन लगेच रद्द करायचं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे लिहायची पद्धत रोजच्या कामासारखीच आहे, मार्कडाउन (साध्या खुणांचा मजकूर) फाइल लिहा, कमिट करा म्हणजे बदल नोंदवा, पुश करा, थोड्या वेळात साइटवर. त्या फाइलींची साइट बनवणारं जेकिल आधीच जोडलेलं आहे, तसंच दुसरं ह्यूगो पाहिजे तर गिटहब ॲक्शन्समधून, म्हणजे गिटहबच्या आपोआप कामं करणाऱ्या सोयीतून, चालवता येतंय. आणि वाचणारा सुधारणा पाठवू शकतोय! खानापूरच्या एका पोरीनं पुल रिक्वेस्ट (फाइलीत सुचवलेला बदल) पाठवली की नवीन डॉकरमध्ये डॉकर-कंपोज या कमांडमधली मधली रेघ गेलीय, तिथं आता स्पेस. तिची ती पहिलीच पुल रिक्वेस्ट, ती मर्ज करताना, म्हणजे बदल साइटमध्ये घेताना, मला इतका आनंद झाला की काय सांगू.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी काही गोष्टी. पेजला भाषेचा कोड मराठीचा द्या, फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदीतले येतात. ओळींमधली जागा थोडी वाढवा, मात्रा-उकार एकमेकाला चिकटत नाहीत. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा, देवनागरी लिंक कॉपी करून पाठवली की बऱ्याचदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक रांग होत्या. आणि जेकिलच्या कॉन्फिगमध्ये टाइमझोन कोलकाता टाका की, सर्व्हर यूटीसी या जागतिक वेळेवर चालतोय, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागं, पोस्टला रात्री दहाची वेळ घातली तर तो ती यूटीसीची धरतोय, आणि पुढच्या वेळेच्या पोस्ट लपवायची सेटिंग असली तर पोस्ट दिसतच नाही, पोरं उगीच कोड तपासत बसतात.

पीएचपीसारखा सर्व्हरवर चालणारा कोड, डेटाबेस इथं चालत नाही, कमेंट पाहिजेत तर बाहेरचं काहीतरी जोडावं लागतंय. खडेबाजारात दुकान आहे आणि ऑनलाइन विक्री करायची आहे असं कोणी म्हणालं तर त्याला हे सांगू नका, धंद्याची साइट गिटहबच्या नियमात बसत नाही. आपण नोकरीत शिकलेलं आपल्या भाषेत मागच्या पोरांना द्यायचंय, त्याला मात्र मी पाचपैकी साडेचार देतो, अर्धा कापला तो ड्राफ्ट झाकून ठेवता येत नाहीत म्हणून.