मशीन खरी, गवत खरं, गिऱ्हाइकं उसनी

मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक या बाजूला राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे मुद्दाम लिहितोय. ऑगस्ट सरला की इथलं गवत वाढायला लागतं, आणि त्याच सुमारास ‘गवत कापण्याचा चालू धंदा विकणे आहे, आठवड्याला 1,900 डॉलर, सामानासकट’ अशा जाहिराती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतात. अशाच एका जाहिरातीपायी माझे 38,000 डॉलर अडकले आणि त्यातले बरेचसे बुडाले. ते कसे, हे बारकाईने सांगायला हवं, कारण मला दाखवलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट खरी होती.

मी मूळचा चिंचवडचा, टूलरूममधला (कारखान्यातले साचे आणि हत्यारं घडवणारा) माणूस. इथे आल्यावर गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या कापकामाच्या मशीनवर) लागलो. फोर्डने ऑक्टोबर 2016 मध्ये इथलं उत्पादन थांबवलं, पुढच्या ऑक्टोबरात टोयोटाचा आल्टोनाचा आणि होल्डनचा अ‍ॅडलेडजवळचा कारखाना बंद झाला, आणि आमच्यासारख्या पुरवठादारांचं काम आटत गेलं. मी आणखी काही वर्षं इकडेतिकडे काढली. शेवटच्या कारखान्याला टाळं लागलं तेव्हा नुकसानभरपाईची बऱ्यापैकी रक्कम हातात आली. पन्नाशीच्या जवळ आलेल्या माणसाला पुन्हा मशीनवर कोण घेणार? गवत कापायला निदान वय कोणी विचारत नाही.

इथे या धंद्याबद्दल आदरही आहे. जिम पेनमन नावाचे गृहस्थ ला ट्रोब विद्यापीठात इतिहासात पीएच.डी. करता करता लोकांचं गवत कापत होते. 1982 मध्ये त्यांनी धंदा नीट सुरू केला, 1989 पासून फ्रँचायझी द्यायला लागले आणि देशभर पसरले. ही गोष्ट इथे प्रत्येक जण प्रत्येक नवख्याला सांगतो. माझ्या फसवणुकीशी त्यांचा किंवा कुठल्याही फ्रँचायझीचा काही संबंध नाही; मी एका सुट्या माणसाकडून ‘राउंड’ विकत घेतला. राउंड म्हणजे दर पंधरवड्याला ज्यांच्याकडे जायचं त्या बांधलेल्या गिऱ्हाइकांची यादी, आणि सोबत ट्रेलर, मोअर (गवत कापायचं यंत्र), कडा कापायचं यंत्र, ब्लोअर वगैरे.

तो गृहस्थ गणेशोत्सवात भेटला. साताऱ्याकडचा, बोलायला गोड, पहिल्या भेटीतच मला दादा आणि बायकोला वहिनी. आईचं दुखणं आहे, कायमचं भारतात परतायचंय, म्हणून धंदा काढतोय, असं म्हणाला. किंमत 38,000. मी टूलरूमचा आहे हे कळताच तो म्हणाला, “मग काय दादा, आधी मशिनी बघा. पटल्या तर पुढचं बोलू.”

आणि मी बघितल्या. त्याच्या गॅरेजमध्ये इंजिनाच्या क्रँकशाफ्टला डायल (वाकडेपणा मोजायचं उपकरण) लावून तो वाकलाय का ते तपासलं, स्पार्क प्लग काढून त्याचा रंग पाहिला, ब्लेडची चकती उतरवली, ट्रेलरची बेअरिंगं चाक उचलून फिरवली. तो शेजारी बॅटरी धरून उभा. मध्येच म्हणाला, “तुमच्यासारखं पारखी गिऱ्हाईक आजवर आलं नाही.” सगळं सामान उत्तम स्थितीत होतं. नंतर हिशेब केला तर त्या सामानाची बाजारात जुनी म्हणून किंमत फार तर 9,000. उरलेले 29,000 मी एका वहीतल्या नावांसाठी देत होतो, आणि त्या वहीला लावायला माझ्याकडे डायल नव्हता. समोरच्याला काय कळतं हे ओळखून त्याला तेच मनसोक्त तपासू द्यायचं, ही त्याची खरी हातचलाखी. शेतकरी आला असता तर त्याने मातीवर गप्पा मारल्या असत्या, अकाउंटंट आला असता तर इन्व्हॉइसची फाइल काढली असती.

मग त्याने मला सोबत कामावर नेलं. सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत एकामागून एक घरं. पुढचं अंगण, मागचं अंगण, कडा, झाडलोट, कापलेलं गवत हिरव्या झाकणाच्या बिनमध्ये, पुढचं घर. कुठे 50 डॉलर, कुठे 70. लोक दार उघडून हात करत होते, पैसे फोनवर जमा होत होते. आठवड्याचा हिशेब खरंच 1,900 च्या वर गेला. वहीत 62 नावं होती. मी सही केली.

पहिला धक्का हॉपर्स क्रॉसिंगला. दार उघडणाऱ्या आजी म्हणाल्या, “आमचा माणूस पुढच्या आठवड्यात इंडियाहून येतोय, तुमची गरज नाही आता.” दोन-तीन दिवसांत त्या माणसाचाच फोन आला. पंजाबी पोरगा, भयंकर चिडलेला: माझ्या घरांवर तुम्ही कसे जाता? त्याने सुट्टीवर जाताना आपली घरं आमच्या साताऱ्याच्या भावाला सांभाळायला दिली होती, आणि भावाने ती वहीत लिहून मला विकली होती.

दुसरा गठ्ठा लिलावाच्या घरांचा. मेलबर्नमध्ये वसंतात (म्हणजे इथल्या सप्टेंबर ते नोव्हेंबरात) घरं लिलावाने विकायला निघतात. फोटो काढायच्या आधी आणि लिलावाच्या आदल्या दिवशी गवत चकाचक लागतं. घर विकलं की मालक गेला आणि गिऱ्हाईकही गेलं. तिसरा गठ्ठा भाडेकरूंचा. एजंटची पाहणी जवळ आली की ते एकदा बोलावतात, पुन्हा पुढच्या पाहणीपर्यंत नाव नाही. हे सगळे त्याने माझ्या त्या आठवड्यात नेमके कोंबून बसवले होते. चाळून झाल्यावर 62 पैकी नियमित निघाली 19, आणि त्यातलीही काही पुढे हळूहळू त्याच्या मेहुण्याच्या ट्रेलरकडे वळली. परत धंदा करणार नाही, अशी अट करारात नव्हती.

यातलं नाजूक गणित ऋतूचं आहे, आणि भारतातून आलेल्या माणसाला ते सहज कळत नाही. इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात किकुयू गवत पंधरा दिवसांत घोट्यापर्यंत येतं. फेब्रुवारीत पाऊस नसला आणि कोणी पाणी घातलं नाही तर तेच पिवळं पडतं, माणसं ‘पुढच्या वेळी या’ म्हणतात. जून-जुलैत तर महिना-दीड महिन्याने एकदा. वसंतातल्या आठवड्याला 52 ने गुणून जो आकडा सांगतो तो एक तर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतोय. म्हणूनच हे राउंड सप्टेंबर ते नोव्हेंबरात विकायला निघतात. जुलैत विकायला काढलेला राउंड मला तरी जास्त विश्वासाचा वाटेल.

आता तपासायचं ते. ऑस्ट्रेलियात वर्षाची उलाढाल 75,000 डॉलरला पोचली की जीएसटीची नोंदणी सक्तीची आहे. आठवड्याला 1,900, वर्षाचे 48 आठवडे धरले तरी 91,200 होतात. प्रत्येक व्यावसायिकाचा एबीएन, म्हणजे धंद्याचा नोंदणी क्रमांक, सरकारच्या ‘एबीएन लुकअप’ या साइटवर कुणालाही फुकट बघता येतो, आणि तो जीएसटीला नोंदलेला आहे की नाही हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. याचा नव्हता. म्हणजे एक तर तो कर बुडवतोय किंवा आकडा फुगवतोय. ‘अर्धी रोकड असते, दादा’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. सरकारला जी रोकड दाखवता येत नाही ती तुम्हाला मात्र किमतीत धरून विकायची! इन्व्हॉइस घरच्या प्रिंटरवर निघतात; तेव्हा मागायची ती दोन हिवाळ्यांसकट बँकेची स्टेटमेंट आणि कर खात्याकडे भरलेली विवरणं.

ट्रेलरवर कर्ज होतं, तेही मला नंतर कळलं. पीपीएसआर नावाची एक सरकारी नोंदवही आहे, 2012 पासून चालू. ट्रेलरचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून दोन डॉलरमध्ये त्यावर कुणाचा बोजा आहे का हे समजतं. मी तो बोजा फेडून ट्रेलर सोडवला, सुमारे 3,500 ला. आणि व्हिक्टोरियात लहान धंदा विकणाऱ्याने खरेदीदाराला कलम 52 खालचं विवरण द्यायचं असतं, त्यात उत्पन्न, खर्च, देणी येतात. हे नाव मी वकिलाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, तोवर सगळे पैसे दिलेले होते.

पोलिसांनी हा दिवाणी मामला आहे असं सांगितलं. मग वाटलं व्हीकॅट या व्हिक्टोरिया राज्याच्या लवादाकडे जावं, तिथे खर्च कमी. पण गृहस्थ भारतात परतलेच नव्हते; क्वीन्सलँडला गेले होते. आणि 2018 च्या हायकोर्टाच्या निकालानंतर (इथे हायकोर्ट म्हणजे देशाचं सर्वोच्च न्यायालय) वेगवेगळ्या राज्यांत राहणाऱ्या दोन माणसांमधला असा वाद राज्याचा लवाद चालवू शकत नाही, मॅजिस्ट्रेट कोर्टात जावं लागतं. आईचं दुखणं खरं होतं की नाही देव जाणे, पण राज्य बदलणं फार उपयोगी पडलं त्याला. वकिलाच्या नोटिशीनंतर 4,000 परत आले. पुढच्या दाव्याचा खर्च आणि त्याच्या नावावर काहीच नसणं पाहून मी थांबलो.

मंडळातल्या काहींनी ‘आपलाच माणूस आहे, जाहीर नको करू’ असं सुचवलं. नाव मी इथेही घेत नाहीये, ते कायद्याच्या सल्ल्यामुळे. आपलेपणाचा त्यात काही भाग नाही. त्याच शब्दांतली जाहिरात या वर्षी पुन्हा दिसली, फोन नंबर वेगळा.

गेल्या वर्षी वेरिबीच्या एका मित्राने राउंड घेताना माझ्या वकिलाकडून करार करून घेतला. सामानाची किंमत वेगळी लिहिली आणि ती लगेच दिली. गिऱ्हाइकांची रक्कम वकिलाच्या ट्रस्ट खात्यात (दुसऱ्यांचे पैसे सांभाळायच्या खात्यात) ठेवली, आणि मार्चपर्यंत जेवढी घरं टिकतील तेवढ्यांचेच पैसे सुटतील असं ठरलं. विकणाऱ्याने त्याच उपनगरांत तीन वर्षं हे काम करायचं नाही, हेही घातलं. विकणाऱ्याची मागणी 25,000 ची होती. मार्चमध्ये मोजदाद झाली तेव्हा मित्राने सगळे मिळून 11,000 दिले, आणि विकणारा कुरकुर न करता घेऊन गेला.