गावच्या शाळेसाठी पैसे द्यायचेत, पण कुणाला? प्रथम, क्वेस्ट की विज्ञान आश्रम

मागच्या महिन्यात मावसभावाचा फोन आला, म्हणाला काकांच्या वर्षश्राद्धाला मोठी जेवणावळ नको, तेवढे पैसे गावातल्या शाळेसाठी देऊ, पण द्यायचे कुणाला ते तू सांग. फोनवर धड सांगता आलं नाही म्हणून नीट लिहून काढतेय, हाच प्रश्न आणखी बऱ्याच जणांना असतो.

आमच्या गावात एका देणगीदाराने शाळेला स्मार्ट बोर्ड दिला होता, तो बिघडला, दुरुस्तीला कोणी आलं नाही आणि दोन वर्षं झाली कपाटामागे उभा आहे. तेव्हापासून वस्तू देण्यापेक्षा मुलांसोबत, शिक्षकांसोबत बसून काम करणाऱ्या संस्था मला जास्त पटतात. त्यातल्या या तीन, पण तिघींची कामाची पद्धत एकदम वेगळी.

प्रथम सगळ्यांनी ऐकलेली असते. १९९५ ला मुंबईत सुरू झाली, २००५ पासून असर, म्हणजे गावातल्या मुलांना वाचता-गणितं करता येतात का ते बघणारा सर्व्हे, हेच लोक करतात, घरी जाऊन मुलाला एक कागद वाचायला देतात, अक्षर, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट. मी एकदा तसाच कागद घेऊन पाचवीतल्या एका मुलीला ओसरीवर बसवलं. अक्षरं धडाधड म्हणाली, मग शब्द आला ‘पाऊस’, तर बोट पा वर थांबलं, पा… पा… आणि मान वर करून माझ्या तोंडाकडे बघायला लागली, म्हणजे मी सांगेन म्हणून. पाचवीतली मुलगी! तो चेहरा अजून डोळ्यापुढून जात नाही.

प्रथमची पद्धत अशाच मुलांसाठी आहे. इयत्ता बाजूला ठेवायची आणि ज्याला जेवढं येतं त्यावरून गट पाडायचे, रोज तास-दोन तास तेवढंच, मूल पुढे सरकलं की गट बदलायचा. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, ज्यांना २०१९ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी ही पद्धत बरीच वर्षं तपासून बघितली आणि ती चालते. पण उत्तर प्रदेशात जौनपूरला त्यांना असंही दिसलं की शाळेबाहेर गावातल्या स्वयंसेवकांनी वर्ग घेतले तेव्हा जी मुलं आली ती सुधारली, पण आली फारच थोडी. म्हणून वर्ग शाळेच्या वेळेत होणार की नंतर, हे आधी विचाराच.

क्वेस्ट त्यामानाने कमी लोकांना माहितीये. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातलं सोनाळे, नीलेश निमकरांनी २००७ ला सुरू केली. हे लोक थेट मुलांना शिकवण्यापेक्षा शिक्षक आणि अंगणवाडीताईंवर मेहनत घेतात, एक दिवसाचं ट्रेनिंग देऊन निघून जात नाहीत, तर वर्गात जाऊन काय चाललंय ते बघतात आणि परत बोलतात. घरी वारली, कातकरी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी परकी वाटते याचा एवढा बारकाईने विचार करणारे लोक कमीच. पण रिझल्ट हळू येतो, आणि तयार झालेल्या शिक्षकाची बदली झाली की त्या शाळेपुरतं परत पहिल्यापासून (अर्थात तो जिथे जाईल तिथे ते घेऊन जातोच, हेही खरं).

विज्ञान आश्रम मात्र मोठ्या मुलांसाठी. पुणे जिल्ह्यातलं पाबळ, डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ ला उभं केलं. हायस्कूलच्या आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचं, वेल्डिंग, वायरिंग, माती परीक्षण, स्वयंपाक, मुलगे मुली दोघांनीही. गावातली छोटी कामं पोरं खरोखर करून देतात, आणि शिकवणाराही बऱ्याचदा गावातलाच कारागीर असतो. खर्च जास्त, कारण शेड, हत्यारं, सामान आणि निदेशकाचं मानधन दरवर्षी लागतं, एकदा पैसे देऊन मोकळं होता येत नाही.

तर माझं मत विचाराल तर शाळा चौथी-पाचवीपर्यंतची असेल आणि मुलांना वाचता येत नसेल तर प्रथमची पद्धत, कारण वाचताच येत नसेल तर बाकी कशाचाच उपयोग नाही आणि तिसरी-चौथीतलं मूल तीन वर्षं थांबू शकत नाही. शिक्षक उत्साही असतील, अंगणवाडी चांगली चालत असेल तर क्वेस्ट. हायस्कूल असेल आणि तुम्ही चार-पाच जण मिळून तीन वर्षं तरी पैसे देणार असाल तरच पाबळ.

आणि फक्त आपल्याच गावात काम करा असं कुठल्याही संस्थेला सांगता येईलच असं नाही, त्या भागात त्यांची माणसं आहेत का ते आधी विचारा. पावती घ्या, ८०जीची, म्हणजे देणगीवर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते ती, फक्त नवीन टॅक्स रेजीममध्ये असाल तर तिची सूट मिळत नाही.

भावाला एवढंच सांगितलंय की पैसे ट्रान्सफर करायच्या आधी एक शनिवार गावी जा, सकाळची शाळा असते, हेडसरांना विचारून चौथीच्या चार पोरांना एक-एक करून दुसरीच्या पुस्तकातली गोष्ट वाचायला दे, आणि मग मला फोन कर.