आय-७ म्हणून माझ्याच कॉम्प्युटरपेक्षा जुना माल गळ्यात मारला

म्हापशाच्या एका दुकानदाराला ह्या कॉम्प्युटरचे दिले २६,५०० रुपये. त्यात जुन्या सीपीयूचे १,५०० वळते केले, ५,००० यूपीआयने दिले, २०,००० रोख.

गोव्यात डिचोलीला घरूनच मी डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची जुळणी करते. लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांच्या जाहिराती. माझा आय-५ ६४०० प्रोसेसरचा (प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू) कॉम्प्युटर मंद झाला होता. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि त्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्या दुकानदाराच्या बोलण्यात खरं होतं ते एवढंच. दिवाळीच्या तोंडावर शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाला गेले, तेव्हा सीपीयू सोबत नेला. एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) आणि ८ जीबी रॅम (काम चालू असतानाची मेमरी) घालून घ्यायची, एवढंच ठरवलं होतं.

"बाय, ह्यात आता पैसे घालू नका. हा आय-७ घ्या, विंडोज ११ घालून देतो."

मी विचारलं, "कितवी जनरेशन?" म्हणजे प्रोसेसरची कितवी पिढी.

"तुमचा आय-५, हा आय-७. आणखी काय पाहिजे?"

तिथेच उठायला हवं होतं. प्रश्न मला सुचला होता, उत्तर मिळालं नव्हतं, तरी मी पर्स उघडली. माउस माझ्या हाताशी होता. स्टार्टवर राइट क्लिक करून सिस्टम उघडलं असतं तर प्रोसेसरचं नाव समोर आलं असतं. मी अडाणी नाही. पण तुळशीच्या लग्नानंतरची कामं अंगावर होती, कॅबिनेट कोरं करकरीत होतं आणि पडद्यावर विंडोज ११ दिसत होतं. कोणीही फसलं असतं.

महिन्याभराने भाच्याने बघितलं: आय-७ ३७७०. म्हणजे तिसरी जनरेशन, २०१२ ची. माझा ६४०० सहावीतला, २०१५ चा. विंडोज ११ ला आठवी लागते. दुकानदाराने विंडोजची तपासणी चुकवून ते घातलं होतं. रॅम डीडीआर३ ह्या जुन्या प्रकारची, म्हणजे पुढे वाढवायची तरी जुनीच पट्टी शोधायची. आय-७ वर भुलू नका, पुढचा आकडा विचारा आणि तो बिलावर लिहून घ्या. माझ्या बिलावर "कॉम्प्युटर सेट १" एवढंच आहे, जीएसटी नंबरही नाही.

पोलिस म्हणाले, हा दिवाणी मामला. ग्राहकांच्या मदतीच्या नंबरवर तक्रार घेतली, पंधरा दिवसांनी "निकाली काढली" असा मेसेज आला. काय निकाली काढलं? मला कोणी एक फोन केला नाही. एका कार्यालयातल्या बाबूंनी तर सांगितलं, धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही. खोटं! स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक कायद्यात बसते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फीसुद्धा नाही. हे मला भाच्याच्या मोबाइलवर वाचावं लागलं. खुर्चीत बसलेल्या माणसाला माहीत नको? तीन खेपा, तीन दिवसांचं काम बुडालं.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची मुदत ठेवली होती, तीही दुकानदाराने सांगितली नाही. एक एसएसडी घातली असती तर माझं वर्ष निभावलं असतं.

आणि जुना सीपीयू देताना हार्ड डिस्क काढून ठेवा. माझी त्यातच गेली, गिऱ्हाइकांच्या फोटो-पत्त्यांसकट. मागायला गेले तर म्हणतो, भंगारात दिली.